दोष डेट्रॉइटचाच

इम्पालाकाकांचं खरं नाव सोसायटीतल्या निम्म्या लोकांना ठाऊक नाही. ठाऊक असून काही अडतही नाही. जुन्या गाडीच्या मालकाला पोस्टमनसुद्धा गाडीच्याच नावाने ओळखतो. पुण्यात असे फियाटकाका आहेत, लँडमास्टरवाले आजोबा आहेत, विलीज जीपवाले डॉक्टर आहेत. या जमातीच्या माणसाच्या नखांत काळं ग्रीस कायमचं वस्तीला असतं. लग्नाला गेला तर मांडवापेक्षा पार्किंगमध्ये जास्त वेळ रमतो. आणि त्याची गाडी कधीही बंद नसते. तिचं ‘काम चालू’ असतं.

काकांची गाडी १९६५ची शेवरोले इम्पाला. कुठल्याशा वकिलातीतून स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशनमार्फत विकली गेलेली, तीन हात फिरून काकांकडे आलेली. त्या एका वर्षात अमेरिकेत दहा लाखांवर इम्पाला खपल्या होत्या, तेव्हा ‘दुर्मीळ’ वगैरे शब्द तिला लागू पडत नाहीत. पण हे काकांसमोर बोलायचं नाही. गाडीची लांबी सुमारे ५.४ मीटर. काकांच्या पार्किंगची त्याहून कमी. उरलेली इम्पाला शेजाऱ्यांच्या जास्वंदीत उभी असते.

या गाडीचा मूळचा गिअरबॉक्स पॉवरग्लाइड नावाचा, ऑटोमॅटिक, पण फक्त दोन गिअरचा. शेवरोलेने तो १९५०मध्ये आणला आणि स्वस्त गाडीच्या गिऱ्हाइकालाही डावा पाय रिकामा ठेवायची चैन दिली. काकांना मात्र दोन गिअर पुरेनात. खंबाटकी चढताना गाडी रडते, तीन गिअरचा टर्बो ३५० बसवायलाच हवा, असं त्यांनी जाहीर केलं. आता २०२१च्या नियमांप्रमाणे पन्नास वर्षांपुढची, ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवलेली गाडी रस्त्यावर आणता येते ती प्रदर्शन, रॅली, पेट्रोल किंवा दुरुस्तीसाठी. खंबाटकी यात कुठे बसते, असं काकूंनी विचारलं. “रॅली साताऱ्याला असली तर?” काका म्हणाले. साताऱ्याला कुठलीही रॅली ठरलेली नव्हती.

टर्बो ३५० एका जुन्या आयात गाडीच्या भंगारातून मिळाला. अडलं ते टॉर्क कन्व्हर्टरपाशी. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मध्ये बसणारा हा लोखंडी भोपळा. पॉवरग्लाइडचा शाफ्ट १७ दात्यांचा, टर्बोचा ३० दात्यांचा. म्हणजे जुना भोपळा नव्या गिअरबॉक्सला चालणार नाही.

टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे काय, असं काकांना विचारू नये. ते १९०५पासून सुरुवात करतात. हेरमान फ्योटिंगर नावाच्या जर्मन इंजिनिअरने श्टेटीनच्या गोदीत असताना याचं पेटंट घेतलं, तेही जहाजासाठी, वाफेच्या टर्बाइनची ताकद पंख्यापर्यंत पोचवायला. गाड्यांत ही कल्पना रुळायला पुढे चाळीसेक वर्षं गेली. इथवर ऐकणारा टिकला तर काका दोन टेबलफॅन समोरासमोर मांडतात, एकच चालू करतात, दुसरा आपोआप फिरू लागतो. “पाहिलंत? मधे वायर नाही, दांडा नाही. हवेच्या जागी ऑइल धरा.” मग खरी गंमत, स्टेटर. दुसऱ्या पंख्यावरून परतणाऱ्या ऑइलची दिशा तो वळवतो, आणि गाडी जागची हलताना इंजिनचा जोर जवळजवळ दुपटीने चाकाकडे जातो. हा स्टेटर दाखवायला काका मध्ये पोळपाट धरतात. पोळपाटाचा उपयोग कुणालाच पटलेला नाही, पण प्रयोग सगळ्या सोसायटीने पाहिला आहे.

नवा कन्व्हर्टर मिशिगनहून आला. भाचा तिकडे सॉफ्टवेअरमध्ये आहे. आईसाठी व्हिटॅमिनच्या बाटल्या, बहिणीच्या मुलांसाठी चॉकलेट आणि मामासाठी पंधराएक किलोचं पोलादी डबडं, असं त्याने तेवीस किलोंच्या बॅगेत बसवलं. चॉकलेट राहिलं. मुंबई विमानतळावर क्ष-किरणात भलंमोठं गोल काळं काहीतरी दिसलं तेव्हा अधिकाऱ्याने विचारलं, हे काय? भाच्याला स्वतःलाच नीट ठाऊक नव्हतं. तो म्हणाला, “मामांचं आहे.” अधिकाऱ्यालाही बहुधा असा एखादा मामा असावा. त्याने बॅग सोडली.

बसवण्याच्या दिवशी नाना पेठेतले मिस्त्री आले. त्यांची हयात ट्रक आणि अॅम्बेसेडरमध्ये गेलेली. ऑटोमॅटिकचा अनुभव बेताचाच. पण हात जाणता. कन्व्हर्टर गिअरबॉक्सवर चढवताना तीन ठिकाणी बसावा लागतो: आतल्या शाफ्टच्या दात्यांवर, मग स्टेटरच्या दात्यांवर, आणि शेवटी पंपाच्या गिअरमध्ये. ढकलून नव्हे, हलके फिरवत फिरवत. प्रत्येक टप्प्याला ‘टक’ होतं आणि भोपळा थोडा आत जातो. मिस्त्रींना दोन टक जाणवले. काकांनी तीन मोजले.

मग गिअरबॉक्स जॅकवर उचलून इंजिनला भिडवला, तर मध्ये बोटभर फट. “काका, एकदा खाली घेऊ. आणि आधी हात घालून बघा, भोपळा सुटा फिरतोय का,” मिस्त्री म्हणाले. काकांच्या हातात मात्र नवाकोरा टॉर्क रेंच होता आणि पुस्तकात ३५ फूट-पौंड लिहिलेलं होतं. “बोल्ट आवळले की येतो जवळ.” त्यांनी सहाही बोल्ट पुस्तकाप्रमाणे, समोरासमोरचे, आळीपाळीने आवळले. प्रत्येकाला क्लिक झालं. मधे कुठेतरी एक वेगळाच, बारीक कडक आवाज आला. तोही काकांनी क्लिकमध्येच धरला.

इंजिन सुरू झालं. खालून कण्हल्यासारखा आवाज येऊ लागला. लीव्हर ड्राइव्हमध्ये टाकला, रिव्हर्समध्ये टाकला, गाडी तसूभर हलली नाही. हललं ते ऑइल. लालभडक धार गिअरबॉक्सच्या बेलहाउसिंगखालून निघाली आणि जिन्याच्या पायथ्याशी जाऊन थांबली. संध्याकाळपर्यंत सेक्रेटरींची पाटी लागली: ‘जिन्याखाली पान खाऊन थुंकणाऱ्यांनी आपण कोणत्या सोसायटीत राहतो याचे भान ठेवावे.’

आता सुरू झालं निदान, आणि या जमातीचा माणूस इथेच खरा फुलतो. काकांच्या निदानाला शिस्त आहे. दोष आधी सर्वांत लांबच्या माणसाला द्यायचा आणि मग एकेक पाऊल घराकडे यायचं. पहिला आरोपी अर्थातच डेट्रॉइट. कन्व्हर्टरचं नाक इंजिनच्या क्रँकमधल्या भोकात बसतं. ते भोक १९६५ सालच्या कुण्या कामगाराने शुक्रवारी संध्याकाळी घाईत पाडलं असणार. (शुक्रवार काकांनी कुठून काढला, ते विचारायचं राहून गेलं.) पण नाकाचं माप आणि भोकाचं माप बरोबर निघालं.

दुसरा आरोपी भाचा. इकडे सकाळचे अकरा, तिकडे रात्रीचा दीड. “बाळा, बोल्टचं वर्तुळ पावणेअकरा इंचाचं आणलंस की साडेअकरा?” भाचा झोपेत म्हणाला, “मामा, तुम्ही जो आकडा लिहिलात तो.” कागद काढून पाहिला. तोच होता.

मग ऑइल. या निदानात मिस्त्रींनी इथे पहिल्यांदा तोंड उघडलं. ऑटोमॅटिकची पट्टी इंजिन चालू ठेवून बघायची असते. कन्व्हर्टर कोरडा असताना गिअरबॉक्समध्ये ऑइल ओतून इंजिन सुरू केलं की पंप ते ओढून घेतो आणि पट्टीवरची पातळी खाली उतरते. “काका, ही उतरलीच नाही. पंप ओढतच नाहीये.” सगळं दुखणं या वाक्यात आलेलं होतं. पण मिस्त्री अजून रांगेत पुष्कळ मागे होते, त्यामुळे काकांनी ते ऐकलं नाही. मधे सरकार यायचं बाकी होतं. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या गाडीचे रबरी पाइप खराब होतात हे खरं. गिअरबॉक्सशी त्याचा संबंध काय, हे काकाही सांगू शकले नाहीत. पण सरकारचं नाव न येता पुण्यात निदान पुरं होत नाही. मग तळमजल्यावरचा मुलगा, जो मागे एकदा गाडीत बसून लीव्हर हलवत होता. मग मिस्त्री. आणि शेवटी काकू, कारण त्यांनी नेमकं चौथ्या बोल्टाला जेवायला हाक मारली होती.

रांग संपली तेव्हा गिअरबॉक्स उतरवावाच लागला. कन्व्हर्टर बाहेर आला, पाठोपाठ पंपही खोलला. आतल्या गिअरचा एक कान मोडून पडला होता, करंगळीच्या नखाएवढा, मोडलेली कड चांदीसारखी चकचकीत. मिस्त्रींनी तो चिंधीने पुसून काकांच्या तळहातावर ठेवला आणि चहा प्यायला गेले. बोलले काहीच नाहीत. ही मिस्त्रींची सभ्यता. बिलात ती लावलेली नव्हती.

नवा पंप-गिअर भाच्याने कुरिअरने पाठवला. न सांगता दोन पाठवले.

या खेपेला मिस्त्रींनी गिअरबॉक्स जमिनीवर उभा, तोंड वर करून ठेवला, कन्व्हर्टरमध्ये अर्धा-पाऊण लिटर ऑइल ओतलं, कॉलरला बोटाने ऑइल लावलं आणि भोपळा अलगद फिरवत सोडला. टक. परत फिरवला. टक. मग बराच वेळ काही नाही. काका पुढे सरकले, मिस्त्रींनी त्यांना कोपराने मागे सारलं. आणि तिसरा टक, जाड, खोल. गिअरबॉक्स इंजिनला भिडला तो हातानेच, फट न ठेवता. बोल्ट लावण्याआधी भोपळा एका बोटाने फिरत होता. इंजिनच्या फ्लेक्सप्लेटपर्यंतचं अंतर मिस्त्रींनी पत्र्याच्या तुकड्याने मोजलं: सव्वा सूत. अमेरिकन पुस्तकात एक अष्टमांश ते तीन सोळांश इंच लिहिलेलं असतं, म्हणजे एक ते दीड सूतच. पुस्तक मिस्त्रींनी पाहिलेलं नव्हतं.

इम्पाला जास्वंदीतून बाहेर आली, पेट्रोल पंपापर्यंत जाऊन आली, तीनही गिअर पडले. मोडका कान आता दिवाणखान्यात काचेच्या वाटीत असतो आणि टेबलफॅनच्या प्रयोगानंतर पाहुण्यांना दाखवला जातो. परवा एकाने विचारलंच, मग चूक कुणाची होती?

“भाच्याची,” काका म्हणाले. “फार चांगले बोल्ट पाठवले त्याने. पासष्ट सालचे गंजके असते, तर आवळताना बोल्टच तुटले असते आणि पंप वाचला असता.” हे भाच्याला तेव्हाच कळवायला ते उठले होते. मिशिगनमध्ये पहाटेचे दोन वाजले होते म्हणून ते थांबले, असं समजू नका. फोन काकूंच्या हातात होता.