घरच्या घरी प्रथिन : साधकांसाठी कृती

प्रथिन बनवू इच्छिणाऱ्या साधकाने प्रथम एक गोष्ट मनाला लावून न घेता मान्य करावी. हे काम त्याच्या अंगात तो जन्मण्याच्या आधीपासून चालू आहे आणि त्यात आजवर कोणीही त्याचा सल्ला घेतलेला नाही. एवढे ऐकूनही ज्याची हौस टिकते, त्याच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. अशा साधकांना सध्या तोटा नाही. पनवेल शहर सोडाच, १९३० च्या जंगल सत्याग्रहाने ज्याचे नाव गाजले त्या चिरनेरच्या वाटेवरही काळा, पोटफुगा डबा काखेत मारून व्यायामशाळेतून परतणारा तरुण दिसला तर आता नवल वाटू नये. डब्यावर दंड, झाकणावर सूचना, आत चमचा. त्या तरुणाशी आमचे वैर नाही. तो पहाटे उठतो याचा आदरच वाटतो. भांडण आहे ते डब्यामागच्या समजुतीशी. प्रथिन विकत आणले, दुधात ढवळले, प्यायले की ते थेट दंडात जाऊन बसते, अशी ती समजूत. आमचे म्हणणे असे की अंगाला लागणारे प्रथिन बाजारात मिळतच नाही. ते ज्याच्या त्याच्या पेशीला जागच्या जागी घडवावे लागते, आणि ते कसे घडते हे कळले की डब्याचा दरारा बराच कमी होतो.

कृती अशी. मूळ डीएनए केंद्रकाबाहेर काढू नये. हव्या त्या जनुकाची आरएनए नक्कल करून घ्यावी, तिच्यातला मधला बिनकामाचा मजकूर छाटावा आणि उरलेली नक्कल बाहेर, प्रथिन जोडणाऱ्या रायबोझोमकडे धाडावी. नक्कल जपून ठेवण्याच्या भानगडीत पडू नये. ती लवकरच मोडीत निघते आणि तेच इष्ट आहे. रायबोझोमने ती तीन-तीन अक्षरांनी वाचावी. अक्षरे चारच, म्हणून त्रिकुटे ६४. त्यांतली ६१ मिळून वीस अमिनो आम्लांची, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या मण्यांची, नावे सांगतात, उरलेली तीन नुसतेच ‘थांबा’ म्हणतात. ही भाषा उलगडल्याबद्दल हरगोविंद खुराना, नीरेनबर्ग आणि हॉली यांना १९६८ चे नोबेल मिळाले, आणि रायबोझोमची रचना दाखवल्याबद्दल वेंकटरमण रामकृष्णन, स्टाइट्झ आणि आदा योनाथ यांना २००९ चे. साधक हेच काम झोपेतही करतो, पण त्याला काही मिळणार नाही.

अक्षर चुकवू नये. हिमोग्लोबिनच्या जनुकात एका जागी एकच अक्षर बदलले तर साखळीत सहाव्या जागेवर ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसते. त्या आजाराचे नाव सिकलसेल, आणि विदर्भातल्या नि नंदुरबारकडच्या कितीतरी घरांना ते पुस्तकातून शिकावे लागलेले नाही.

घाईही करू नये. माणसाच्या पेशीतला रायबोझोम सेकंदाला साधारण पाच-सहा अमिनो आम्ले जोडतो. ज्या दंडासाठी हा सारा खटाटोप, त्यातल्या टायटिन या प्रथिनात ती ३४ हजारांच्या आसपास असतात. म्हणजे एक टायटिन पुरे व्हायला दीड-दोन तास लागणार. ‘व्यायामानंतर अर्ध्या तासात घ्या’ ही झाकणावरची सूचना रायबोझोमला कोणी वाचून दाखवलेली दिसत नाही.

आता मुद्द्याचे. रायबोझोमला लागतात ती सुटी अमिनो आम्ले. तयार प्रथिन त्याच्या काही कामाचे नाही. म्हणून पोट आणि आतडे आलेले प्रथिन आधी उसवतात. दुसऱ्याचा स्वेटर कितीही भारी असो, इथे तो उसवून फक्त लोकर ठेवून घेतली जाते, आणि विणकाम आपल्याच नमुन्याबरहुकूम होते. पुरावा इन्शुलिन घेणाऱ्या प्रत्येक मधुमेह्याच्या घरी आहे. इन्शुलिन हे ५१ अमिनो आम्लांचे छोटेसे प्रथिन. ते गिळून भागले असते तर लोकांनी रोज सुई कशाला टोचून घेतली असती? दुसरा पुरावा पुण्याचा. तिथल्या जिनोव्हा कंपनीच्या कोविड लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. त्या लशीत विषाणूचे प्रथिन नव्हतेच. होती ती फक्त ते बनवण्याची आरएनए नक्कल. प्रथिन बनवले टोचून घेणाऱ्याच्या पेशींनी.

त्वचा तुकतुकीत व्हावी म्हणून कोलॅजन पिणाऱ्यांसाठी स्वतंत्र सूचना आहे. कोलॅजनमध्ये हायड्रॉक्सिप्रोलिन भरपूर असते, पण त्या ६४ त्रिकुटांत त्याच्या नावाचे एकही नाही. पेशी आधी साधे प्रोलिन बसवते आणि मग क जीवनसत्त्वाच्या मदतीने जागेवरच त्याला हायड्रॉक्सिप्रोलिन करते. म्हणजे प्यालेले हायड्रॉक्सिप्रोलिन नव्या कोलॅजनमध्ये बसवायला रायबोझोमकडे सोयच नाही. क जीवनसत्त्व मिळाले नाही तर हिरड्यांतून रक्त येते, तो स्कर्व्ही. आवळा खावा. स्वस्त असल्यामुळे त्याची जाहिरात होत नाही, एवढाच त्याचा दोष.

यावर कोणी म्हणेल, कोलॅजनचे काही बारीक तुकडे न उसवता रक्तात पोचतात. पोचतात, खरे आहे. ते पेशीला काही इशारा देत असतील, पण तुकडा रक्तात दिसला म्हणजे तो गालावर जाऊन बसला असे होत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. पावडर घेणाऱ्यांचे दंड भरतात हे डोळ्यांना दिसते, त्याचे काय? भरतात, कारण ते वजने उचलतात. स्नायूवर ताण आला की पेशी प्रथिन बांधणीचा वेग वाढवते आणि तेव्हा कच्चा माल हाताशी लागतो, इतका भाग डबेवाल्यांचा बरोबर. दुधाच्या निवळीची पावडर खोटीही नाही. तिच्यात सगळी आवश्यक अमिनो आम्ले असतात, आणि ज्याला जेवणच जात नाही अशा आजाऱ्याला ती उपयोगी पडते. पण धडधाकट माणसाची गरज भारतीय शिफारशीप्रमाणे किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे साठ किलोच्या माणसाला सुमारे ५० ग्रॅम. व्यायाम करणाऱ्याला थोडे अधिक धरा. शरीर स्वतःचेच अडीचशे-तीनशे ग्रॅम प्रथिन रोज मोडून पुन्हा बांधते, त्यापुढे चमच्याची काय मिजास? शिवाय जास्तीची अमिनो आम्ले साठवायला कोठार नाही. त्यांतला नायट्रोजन युरिया होऊन लघवीवाटे जातो. महिन्याचे बिल पाहिले तर ही लघवी बरीच महाग पडते.

मोजणीपेक्षा महत्त्वाचे ते मिश्रण. वीसपैकी नऊ आम्ले माणसाला बनवता येत नाहीत, ती खाऊनच मिळवावी लागतात. त्यांतले एक जरी कमी पडले तरी बांधणी रेंगाळते, बाकीची कितीही असोत. तांदळात लायसिन कमी, डाळी-कडधान्यांत भरपूर. कडधान्यांत मेथिओनिन कमी, ते तांदूळ भरून काढतो. रायगडात भात कापला की त्याच शेताच्या ओलीवर वाल पेरतात. हा फेर कोणी अमिनो आम्लांचा तक्ता पाहून बसवलेला नाही, तरी तो नेमका जुळतो. शंभर ग्रॅम सुक्या वालात २० ते २५ ग्रॅम प्रथिन असते. कच्चा वाल मात्र खाऊ नये. प्रथिन उसवणाऱ्या ट्रिप्सिनलाच अडवणारा पदार्थ त्यात असतो, शिजवल्यावर त्याचा जोर बराच मोडतो. मोड येतात तेव्हा दाणाही साठवलेले प्रथिन उसवून कोंबासाठी नवे बांधत असतो. साल सुटी झालेला वाल कोमट पाण्यात चिमटीने दाबला की पिवळसर डाळिंबी टपकन बाहेर येते. वाटीभर सोलायला अर्धा तास जातो आणि बोटे सुरकुततात, हे कबूल करायला हवे. डब्याच्या बाजूने एवढा एकच युक्तिवाद आम्हाला खोडता आला नाही.

तेव्हा साधकाने व्यायाम सोडू नये आणि भाताला नावे ठेवू नयेत. आज रात्री भिजत घातलेल्या वालांचे बिरडे परवा दुपारी पानात पडते.