ओरडा दोन्हीकडे, कागद कुणाकडे?

मारकडवाडी आठवतंय? माळशिरस तालुका, सोलापूर जिल्हा. २०२४च्या विधानसभा निकालानंतर या गावाने ठरवलं, आपलं मतदान आपणच पुन्हा कागदी मतपत्रिकेवर घेऊन बघू. ३ डिसेंबर तारीख ठरली. प्रशासनाने जमावबंदी लावली, पोलीस उभे राहिले, मतदान झालंच नाही.

नेते मात्र आले. शरद पवार येऊन गेले, मागोमाग भाजपच्या नेत्यांनीही तिथेच सभा घेतली. कॅमेरे दोन्ही वेळा हजर. गावाचा प्रश्न एवढाच होता की, आमच्या केंद्रांवर मतदान यंत्राने (ईव्हीएमने) दाखवलेले आकडे खरे आहेत का? भाजपचे राम सातपुते १००३, शरद पवार गटाचे उत्तम जानकर ८४३. गावाला हे पटेना.

उत्तर व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे प्रत्येक मतामागे छापल्या जाणाऱ्या, सीलबंद चिठ्ठ्यांत होतं. ते कुणी शोधलं?

कायदा काय सांगतो ते बघा. निकालानंतर यंत्राची मेमरी तपासून घ्यायची मुभा सर्वोच्च न्यायालयाने २६ एप्रिल २०२४ला दिली, ती दुसऱ्या आणि तिसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला. जानकर तर मतदारसंघात निवडून आले होते. मतदाराला उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करता येते, पण ती निवडून आलेल्या आमदाराच्या विरोधात. म्हणजे मारकडवाडीच्या जानकर समर्थकांनी न्यायालयात जाऊन सांगायचं, आमच्याच आमदाराची निवड रद्द करा. कोण करील?

ही अडचण तुम्हाला किती वाहिन्यांनी समजावून सांगितली?

वाहिन्यांवर ईव्हीएमची चर्चा म्हणजे दोन प्रवक्ते, एक निवृत्त अधिकारी आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजाचा अँकर. एक म्हणतो यंत्र हॅक झालं. दुसरा म्हणतो हरलात म्हणून रडता. तासाभरात तीन वेगवेगळे प्रश्न एकाच पातेल्यात ढवळले जातात. यंत्रात मत बदललं का, हा एक प्रश्न. मतदारयादीत नावं कशी वाढली, हा दुसरा. मतदानाची टक्केवारी संध्याकाळनंतर का वाढली, हा तिसरा. तिन्हींचे पुरावे वेगळे, तपासायची जागा वेगळी. यादीतला घोळ यंत्र उघडून सापडणार नाही, आणि यंत्रातला घोळ यादी चाळून सापडणार नाही. हे सांगायला पाच मिनिटं पुरतात. पण ती पाच मिनिटं कुणीच देत नाही.

तिसराच प्रश्न घेऊ. २० नोव्हेंबर २०२४. मतदानाच्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता निवडणूक आयोगाचा आकडा ५८.२२ टक्के. अंतिम आकडा ६६.०५. विरोधकांनी हिशेब मांडला, ७६ लाख मतं आली कुठून? आयोगाचं उत्तर असं की, पाचचा आकडा फोनवरून आणि अ‍ॅपवरून गोळा केलेला कच्चा अंदाज असतो, सहा वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं, आणि खरा हिशेब १७ सी या फॉर्ममध्ये असतो.

बरोबर. मग १७ सी काढा की.

हा फॉर्म काय आहे, ते एकदा नीट समजून घ्या. मतदान संपलं की केंद्राध्यक्ष यंत्रावरची एकूण मतं या फॉर्मवर लिहितो आणि हजर असलेल्या प्रत्येक मतदान प्रतिनिधीला सही करून प्रत देतो. म्हणजे २० नोव्हेंबरच्या रात्री महाराष्ट्रातल्या लाखभर केंद्रांचा हिशेब राजकीय पक्षांच्या माणसांच्या खिशात होता. निकालानंतर आयोग फॉर्म २० मध्ये केंद्रनिहाय मतं जाहीर करतो. दोन कागद शेजारी ठेवायचे. जुळले तर मतांची भर पडली हा आरोप संपला. जुळले नाहीत तर कोणत्या गावच्या कोणत्या केंद्रात गडबड झाली, ते बोट ठेवून दाखवता येतं.

एका मतदारसंघासाठी हे एका चिवट माणसाचं फार तर आठवड्याचं काम आहे. संगणक लागत नाही, हॅकर लागत नाही.

पूर्वी हा चिवट माणूस प्रत्येक तालुक्यात असायचा. त्याला वार्ताहर म्हणत.

मतमोजणीच्या दिवशी तो फेरीनिहाय आकडे वहीत उतरवून घ्यायचा. तहसील कचेरीतल्या कारकुनाला तो नावाने ओळखायचा, कोणत्या गावात कुणाला किती मतं पडतात ते त्याला तोंडपाठ असायचं. आकडा विचित्र दिसला की दुसऱ्या दिवशी छापून यायचं. आज त्याच्याकडे काय काम आहे? आमदारसाहेबांच्या वाढदिवसाच्या पुरवणीसाठी जाहिराती गोळा करणं. बऱ्याच ठिकाणी त्याला पगार नाही, जाहिरातीवर कमिशन आहे. ज्याच्याकडून जाहिरात आणायची, त्याच्याच मतांचा हिशेब त्याने तपासावा, ही अपेक्षा कुणी कोणत्या तोंडाने करायची?

हे काल-परवा झालेलं नाही. २००९च्या विधानसभा निवडणुकीत तत्कालीन मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांची भलामण करणारे लेख स्पर्धक मराठी दैनिकांत शब्दशः सारखे छापून आले. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते ‘द हिंदू’त उघड केलं. चव्हाणांच्या निवडणूक खर्चात वृत्तपत्रीय जाहिरातींचा आकडा होता ५,३७९ रुपये. प्रकरण आयोगापर्यंत गेलं, पुढे दिल्ली उच्च न्यायालयाने आयोगाचा चव्हाणांविरुद्धचा आदेश रद्द केला. पेड न्यूजवरचा, म्हणजे पैसे घेऊन छापलेल्या बातम्यांवरचा, प्रेस कौन्सिलच्या उपसमितीचा सविस्तर अहवाल २०१०मध्ये तयार झाला, तो बाहेर यायला केंद्रीय माहिती आयोगाचा आदेश लागला. वर्ष उजाडलं २०११.

बातमी विकली जाते हे सांगणारा अहवालसुद्धा दाबला गेला. दाबणारे बातमीच्याच धंद्यातले होते.

आणि एक्झिट पोल? लोकसभेच्या वेळी, १ जून २०२४ला, बहुतेक वाहिन्यांनी भाजपप्रणीत एनडीएला साडेतीनशेच्या पुढे नेलं, काहींनी तर ४०१पर्यंत. ३ जूनला शेअर बाजार उसळला, ४ जूनला आपटला. एनडीए थांबली २९३ वर. चार महिन्यांनी हरियाणात त्याच मंडळींनी काँग्रेसला जिंकवलं, आणि भाजपने ९०पैकी ४८ जागा घेतल्या.

इथे खरं नुकसान झालं, आणि ते कुणी मोजत नाही. दोन दिवस टीव्हीवर एक निकाल बघायचा आणि तिसऱ्या दिवशी यंत्रातून दुसराच निघालेला बघायचा. सामान्य माणूस कुणावर संशय घेईल? हरियाणात काँग्रेसने तक्रार केली की काही यंत्रांची बॅटरी ९९ टक्के होती आणि तिथेच भाजप पुढे होता. आयोगाने ती फेटाळली. पण संशयाचं बी पेरलं होतं स्टुडिओने. अंदाज चुकला त्याबद्दल वाहिनीने प्रेक्षकाची माफी मागितल्याचं तुम्ही पाहिलंत? चूक वाहिन्यांची, बदनाम मात्र मतपेटी.

आता यंत्राकडे वळू. आयोग सांगतो, महाराष्ट्रात २८८ मतदारसंघांत प्रत्येकी पाच, अशा १४४० व्हीव्हीपॅटच्या चिठ्ठ्या मोजल्या आणि एकही तफावत निघाली नाही. विरोधक म्हणतात, लाखात १४४० म्हणजे दीड टक्कासुद्धा नाही.

दोघंही अर्धंच सांगतात.

राज्यभर शंभरात एका केंद्रावरही यंत्र बिघडवलं असतं, तर १४४० चिठ्ठीपेट्यांत त्यातलं एकही न सापडणं जवळजवळ अशक्य होतं. म्हणून ‘सगळा महाराष्ट्र हॅक झाला’ हा आरोप त्या चिठ्ठ्यांपुढे टिकत नाही. पण एकच मतदारसंघ घ्या, साधारण साडेतीनशे केंद्रांचा. त्यातल्या सात केंद्रांवर घोळ असेल आणि तपासायला पाचच केंद्रं असतील, तर दहापैकी नऊ वेळा तो घोळ निसटेल. चुरशीची लढत पाच-पन्नास मतांवर फिरते. तिथे पाच केंद्रांची तपासणी अपुरीच आहे. जिंकणाऱ्या-हरणाऱ्यात फरक कमी असेल तिथे जास्त चिठ्ठ्या मोजा, हे शहाणपणाचं उत्तर आहे. दोन्ही बाजूंना ते नकोय. एकाला ‘सगळं निर्दोष’ म्हणायचंय, दुसऱ्याला ‘सगळं चोरलं’.

ज्या नेत्यांचं मत निकालागणिक फिरतं, त्यांचं मत विचारायचं तरी कशाला? २०१०मध्ये भाजपच्या जी. व्ही. एल. नरसिंह राव यांनी ईव्हीएमविरुद्ध पुस्तक लिहिलं आणि त्याला प्रस्तावना होती लालकृष्ण अडवाणींची. तेव्हा यंत्राची बाजू घेणारी काँग्रेस आज कागदी मतपत्रिका मागते. २०२३मध्ये कर्नाटक आणि तेलंगणा जिंकली तेव्हा यंत्रं कुठली होती?

तीच होती.

यंत्र बिघडतच नाही, हे मात्र कुणी सांगू नये. मे २०१८ची भंडारा-गोंदियाची पोटनिवडणूक विदर्भ विसरलेला नाही. भर उन्हाळ्यात व्हीव्हीपॅट धडाधड बंद पडले आणि ४९ केंद्रांवर पुन्हा मतदान घ्यावं लागलं. कट नव्हता, यंत्राने उन्हापुढे हात टेकले होते.

आणि माणूस चुकत नाही? हरियाणातल्या पानिपत जिल्ह्यातलं बुआना लाखू गाव. नोव्हेंबर २०२२ची सरपंचाची निवडणूक. वाद गेला थेट सर्वोच्च न्यायालयात. ऑगस्ट २०२५मध्ये न्यायालयाने यंत्रं दिल्लीत मागवून निबंधकांसमोर, चित्रीकरण करत पुन्हा मोजणी करून घेतली. हरलेला ठरवलेला उमेदवार १०५१ विरुद्ध १००० मतांनी जिंकलेला निघाला. यंत्रं तीच, मतं तीच. मोजणी नीट झाली आणि सरपंच बदलला.

पावणेतीन वर्षं त्या गावाचा कारभार भलत्याच माणसाकडे होता. ती बातमी तुम्ही किती वाहिन्यांवर पाहिलीत?

जर्मनीच्या घटनात्मक न्यायालयाने ३ मार्च २००९ला मतदान यंत्रं घटनाबाह्य ठरवली. यंत्रं हॅक झाली असं न्यायालय म्हणालं नाही. निवडणुकीचे महत्त्वाचे टप्पे सामान्य नागरिकाला तज्ज्ञाच्या मदतीशिवाय तपासता आले पाहिजेत, एवढंच म्हणालं. हाच निकष आपल्याकडे लावा. यंत्र ठेवा, पण तपासणी उघडी ठेवा.

आपण नेमकं उलटं केलं. ९ डिसेंबर २०२४ला पंजाब-हरियाणा उच्च न्यायालयाने हरियाणातल्या मतदानाचं चित्रण आणि १७ सीच्या प्रती एका वकिलाला द्यायला सांगितल्या. २० डिसेंबरला केंद्र सरकारने आयोगाच्या शिफारशीवरून निवडणूक नियम ९३ बदलला आणि मतदान केंद्रातलं चित्रण लोकांना मागता येणार नाही अशी व्यवस्था केली. ३० मे २०२५ला आयोगाने कळवलं, याचिका नसेल तर चित्रण ४५ दिवसांनी नष्ट करा. कारण दिलं गैरवापराचं. गैरवापर करणाऱ्याला पकडा ना! पुरावा का जाळता?

आणि घराजवळचं सांगायचं तर, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुकीत व्हीव्हीपॅट नसेल, असं राज्य निवडणूक आयोगाने ऑगस्ट २०२५मध्येच सांगून टाकलं. म्हणजे नगरसेवकाला दिलेल्या मताची चिठ्ठीच नाही. लोकसभेला कागद लागतो, गल्लीच्या गटाराला लागत नाही?

आयोगाने कागद द्यायला हवा. पक्षांनी आपल्याकडचे कागद उघडे करायला हवेत. पण हे दोघं स्वतःहून करणार नाहीत. त्यांच्या मागे लागणं हे वर्तमानपत्राचं काम आहे, आणि वर्तमानपत्राच्या मागे लागणं तुमचं. तुम्ही रोज पैसे मोजून जो पेपर घेता, त्याच्या संपादकाला पत्र लिहा. आमच्या मतदारसंघातल्या प्रत्येक केंद्राचा १७ सी आणि फॉर्म २० शेजारी-शेजारी छापा, एवढीच मागणी करा. जागा नाही म्हणाले, तर वाढदिवसाची पुरवणी बंद करा म्हणावं.