कच्च्या कुरडया

२०१२च्या एप्रिलमध्ये आजीने शेवटच्या कुरडया घातल्या. त्या शेवटच्या आहेत हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिला असावं, कारण एरवी कॅमेरा दिसला की पदर तोंडावर घेणाऱ्या आजीने त्या दिवशी मला काहीही घेऊ दिलं. तीन दिवस भिजलेले गहू, गाळून काढलेला चीक, पातेल्यात रटरटणारा त्याचा घाटा, गच्चीवर अंथरलेलं जुनं नऊवारी, आणि सोऱ्या फिरवता फिरवता आत्याच्या सासरबद्दल तिने नोंदवलेली काही निरीक्षणं, अशी एकूण ४० मिनिटं.

कॅमेरा एव्हीसीएचडीचा होता. सोनी आणि पॅनासॉनिक यांनी मिळून २००६ साली काढलेली ही पद्धत म्हणजे वाण्याची वही. पहिल्या ओळीत सगळं नीट लिहायचं, पुढे 'वरीलप्रमाणे, फक्त साखर पाव किलो जास्त'. एक चित्र पूर्ण, मग कितीतरी चित्रं नुसती बदलांपुरती. म्हणून ४० मिनिटं ७ जीबीत मावली. पण संपादनात मधूनच कापायला गेलं की संगणक 'वरीलप्रमाणे म्हणजे कशाप्रमाणे' हे शोधत मागे जातो, पंखा घोंघावू लागतो आणि आजीचा हात सोऱ्यावर थिजून राहतो. त्यावर उपाय म्हणजे फुटेज आधी ॲपलच्या प्रोरेसमध्ये बदलून घेणं. तिथे प्रत्येक चित्र आपापलं, स्वयंपूर्ण. रात्रभर संगणक चालला आणि सकाळी ७चे ३६ जीबी झाले होते.

पाचपट मोठं म्हणजे पाचपट चांगलं, असं मी धरून चाललो. मूळ फाइली उडवल्या, कार्ड पुसलं आणि निर्धास्त झालो.

आता विचार करा. कुरडई तळली की कढईभर फुलते, पण म्हणून तिच्यात गहू वाढत नाही. आणि वाळलेल्या कुरडया फेकून तळलेल्या तेवढ्या डब्यात भरून माळ्यावर ठेवणारी बाई मी तरी पाहिलेली नाही. आईला हा प्रकार सांगितला तेव्हा तिला प्रोरेस कळलं नाही, पण मूर्खपणा पूर्ण कळला.

नुकसान हळूहळू ध्यानात आलं. फाइलवर आता तारीख होती ती रूपांतराची. त्या हिशेबाने आजीने मध्यरात्री पावणेतीनला रणरणत्या उन्हात कुरडया घातल्या. त्याहून वाईट म्हणजे सांधे. आमचा कॅमेरा लांब चित्रीकरणाचे २-२ जीबीचे तुकडे करी, आणि ते बिनफट कसे जोडायचे याची माहिती कार्डावरच्या इतर फोल्डरांत असे. त्यातल्या सगळ्यात वरच्याचं नाव 'प्रायव्हेट'. दुसऱ्याच्या खाजगीत डोकावू नये या संस्काराने मी आतल्या 'स्ट्रीम'मधले तेवढे तुकडे उचलले आणि सुटे सुटे बदलून घेतले. प्रत्येक सांध्यावर क्षणभर आवाज गिळला गेला.

अर्थात आपल्याकडे याहून मोठ्या माणसांच्या याहून मोठ्या गोष्टी गेल्या. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची, १९१३च्या चित्रपटाची, चार रिळं होती. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पहिलं आणि शेवटचं तेवढं आहे, आणि तेही १९१७ साली नव्याने केलेल्या चित्रपटाचं असावं असं काही अभ्यासक मानतात. 'आलम आरा'ची तर प्रतच सापडत नाही. ते संग्रहालय निघालं १९६४ साली, तोवर कित्येक रिळं आतल्या चांदीसाठी वितळवून झाली होती. मला चांदीही मिळाली नाही. ७ जीबी जागा मिळाली.

हल्ली मी कार्ड जसंच्या तसं, 'प्रायव्हेट'सकट उतरवतो. एक प्रत घरी, एक नाशिकला बहिणीकडे, तिच्या दागिन्यांच्या कप्प्यात. संपादन झालं की फुगलेल्या फाइली बिनदिक्कत पुसतो. लागल्या तर पुन्हा तळता येतात. एक शंका मात्र राहतेच. कच्च्या कुरडईला पुढे कढई नि तेल लागणार, आणि तीस वर्षांनी ही वाण्याची वही वाचणारं सॉफ्टवेअर कुणाकडे असेल? म्हणून अगदी जिवाभावाचं असेल ते तळूनही ठेवतो. आई म्हणते, हे आजीवरच गेलंय.

पण त्या ४० मिनिटांत बाविसाव्या मिनिटाला जो सांधा आहे, त्याचं काही होत नाही. आजी सोऱ्या थांबवते, कॅमेऱ्याकडे बघते आणि म्हणते, "आमच्या विहीणबाई म्हणजे अगदी..." आणि पुढच्या तुकड्यात ती नवी कुरडई घालायला घेते. मधला शब्द गेला. दिवाळीला सगळे जमले की हे लावलं जातं आणि तो शब्द कोणता यावर पैजा लागतात. काका एक सांगतात तो इथे लिहिता येणार नाही. आत्या दरवर्षी शांतपणे चकली मोडत म्हणते, "देवमाणूस म्हणाली होती. मी शेजारीच बसले होते."