मास्तर वर्गात नसतात जी!

बुटीबोरी एमआयडीसीत पाळी सुटली की चहाच्या टपरीवर शाळा भरते. विषय एकच : जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी. "मास्तर वर्गात नसतातच जी," हा पहिला शेरा. खरं आहे. मतदार यादी घेऊन मास्तर हा शेरा मारणाऱ्या गृहस्थांच्याच दारात उभे होते; गृहस्थ रात्रपाळी करून झोपले होते.

दुसऱ्याचं म्हणणं, मॅडम मारत नाहीत म्हणून पोट्टं शिकत नाही. तिसऱ्याचं, मॅडम रागावल्या म्हणून पोट्टं शाळेत जात नाही. खिचडीत तर सगळेच पारंगत : तिखट झाली तर तक्रार, अळणी झाली तर अर्ज.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के जागा पालकांना दिल्या, निम्मे सदस्य महिला असावेत असंही सांगितलं. म्हणजे जाब विचारायची खुर्ची सरकारनंच मांडून दिली. बैठकीच्या दिवशी मात्र आईबापांना बोलवायला पोरांनाच पिटाळावं लागतं. बाबा ड्युटीवर, आई वावरात, आणि मत टपरीवर!

हेच बाबा धाकट्याला कॉन्व्हेंटमध्ये घालतात. तिथे फीची पावती हातात घट्ट धरून, शर्टाचं वरचं बटण लावून उभे राहतात. मॅडम फाडफाड इंग्रजीत झापतात. बाबा मान डोलावतात. गेटबाहेर आल्यावर बायकोला सांगतात, "मॅडम भल्लीच हुशार आहे. एक शब्द समजला नाही!"