‘अगदी साधंच करा’ म्हणणाऱ्या आप्तेष्टांस अनावृत पत्र

समस्त आप्तेष्ट मंडळींस,
सप्रेम नमस्कार वि. वि.

येत्या रविवारी रात्री आपण सहकुटुंब आमच्याकडे भोजनास येत असल्याची वर्दी पोहोचली, आणि तिच्याबरोबर ‘उगाच घाट घालू नका, अगदी साधं पिठलं-भाकरी करा’ ही सक्त ताकीदही पोहोचली. घरच्या बाईला तोशीस पडू नये म्हणून स्वतःच्या जिव्हेस लगाम घालणारे असे निःस्पृह पाहुणे ज्या कुळास लाभले, त्या कुळाची मी सून असल्याचा अभिमान शब्दांत मांडणे अशक्य असल्याने केवळ हिशेब मांडते.

श्रीखंडाचा बेत असता, तर दही आदल्या रात्री फडक्यात बांधून टांगले की आपण झोपावे आणि चक्क्याने आपल्या गतीने निथळावे. सकाळी त्यात साखर मिसळून तो पुरणयंत्रातून काढावा, वेलची-जायफळ घालावे, की पाने मांडेपर्यंत तो बिचारा मुकाट्याने पडून राहतो. भाकरीच्या अंगी हा समंजसपणा नाही. ज्वारीचे पीठ ताजेच हवे, कारण विरी गेलेल्या पिठाची भाकरी थापतानाच काठाला चिरते. ते एकेका भाकरीपुरते कढत पाण्याने परातीत रगडून, थापून, पिठाची बाजू वर येईल अशा बेताने तव्यावर टाकून, वरून पाण्याचा हात फिरवून, ते पाणी पुरते सुकण्याच्या आत उलथावे लागते, आणि ती जाळावर टम्म फुगते न फुगते तोच बाहेरून ‘वहिनी, गरम येऊ द्या!’ असा पुकारा होतो. बारा पानांना दरडोई दोन धरल्या तरी चोवीस भाकऱ्या होतात, आणि त्यांतली एकही आदल्या दिवशी उरकता येत नाही.

बरे, साधेपणाचा अंमल पिठल्यावर थांबत नाही. पिठले म्हटले की ठेचा ओघानेच आला, ठेचा आला की लोण्याचा गोळा आला, ‘भरीत असतं तर बहार होती’ हा अभिप्राय गेल्या खेपेसच नोंदला गेल्याने वांगी भाजणे आले; वन्संचा चातुर्मास, म्हणून त्यांचे पिठले बिनकांद्याचे निराळे, त्यांना भरीत वर्ज्य म्हणून निराळी भाजी, आणि मुलांना भाकरी रुचत नाही म्हणून ‘सहज’ चार पोळ्या. यावर भाऊजी ढेकर देऊन म्हणणार, ‘पाहा, साध्या अन्नातच खरं सुख!’ सुख निःसंशय आहे. फक्त त्याचा सारा वसूल एकाच मनगटावर बसवलेला आहे.

1965 साली, अन्नटंचाईच्या दिवसांत, पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांनी देशाला सोमवारी रात्रीचे जेवण सोडण्याचे आवाहन केले. त्या साधेपणाचा अर्थ निर्मळ होता: ज्याने साधे राहायचे, त्याने स्वतःच काहीतरी सोडायचे. आपला साधेपणा त्याहून पुष्कळ प्रगत आहे. त्यात सोडावे लागते ते मला, आणि सोडते तीही पंक्तीतली जागाच, कारण भाकरी करणारी बाई पंक्तीला बसली असे उभ्या घराण्यात कोणी पाहिलेले नाही.

सबब, उभयपक्षी गैरसमज राहू नये म्हणून पुढील कलमे सादर करते. एक: आपण मेजवानी मागावी, म्हणजे मी विकतचे श्रीखंड वाढून आपल्यासोबत जेवीन. दोन: पिठलं-भाकरीच हवी असल्यास प्रत्येक कुटुंबाने भाकरी थापणारा एक इसम सोबत आणावा, तो पुरुष असल्यास हरकत नाही, परात मोठी आहे. तीन: दोन्ही कलमे नामंजूर असल्यास निदान ‘साधं’ हा शब्द तरी ताकिदीतून वगळावा, म्हणजे श्रम माझे आणि संयमाचे श्रेय आपले ही वहिवाट मोडेल.

कळावे, लोभ असावा ही विनंती.

आपली,
कुणाची वहिनी, कुणाची मामी, कुणाची काकू

ता. क. ‘येताना काय आणू?’ असे विचारणारांनी पुन्हा विचारण्याचे श्रम घेऊ नयेत. दुसरे कलम वाचावे.