एक जूनचे मानकरी

निवृत्त शिक्षकाला दोन दुखणी हमखास जडतात: गुडघ्याचं आणि दिनविशेषाचं. गुडघा तेलावर भागतो, दिनविशेषाला फळा लागतो. परिपाठाला वर्षानुवर्षं दिनविशेष, सुविचार आणि ‘आजचा नवा शब्द’ सांगितलेला माणूस घरी बसला, की बायकोला ओळीत उभं करू पाहतो. आमच्याकडे ते जमलं नाही. म्हणून मी स्वखर्चानं एक फळा आणून पाचोऱ्यात आमच्या कॉलनीच्या तोंडाशी, चहाच्या टपरीशेजारच्या भिंतीला टांगला.

सुरुवात झोकात झाली. १३ ऑगस्टला धरणगावचे बालकवी (१८९०) आणि सासवडकडचे आचार्य अत्रे (१८९८) यांना मी एकाच ओळीत आणलं. नव्या शब्दांनी मात्र घात केला. एकदा ‘उत्तमर्ण’ लिहिलं, अर्थ : कर्ज देणारा. टपरीवाल्यानं वाचलं आणि म्हणाला, “म्हणजे मीच की! आन सर, तुमच्यासारख्याला काय म्हणायचं?” ‘अधमर्ण’ हा शब्द मला चारचौघांत उच्चारून सांगावा लागला. चहाची बाकी त्याच दिवशी चुकती केली.

तरी खरा भरवसा होता तो १ जूनवर, कारण माझ्या दाखल्यावर तीच जन्मतारीख आहे. दिवसही कसा, तर भरगच्च! १९४८ साली याच दिवशी एसटीची पहिली बस पुणे-अहमदनगर रस्त्यावर धावली. १९३० साली दख्खनची राणी सुरू झाली. तिच्यासाठी पुण्याला दर वर्षी केक कापतात. आमच्या पाचोरा-जामनेर छोट्या गाडीसाठी, पीजेसाठी, कुणी साधं बिस्कीट मोडल्याचं मला आठवत नाही. १९२९ साली कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनी स्थापन झाली आणि त्याच दिवशी नर्गिस जन्मली. त्याआधी तीन वर्षं मर्लिन मन्रो. एवढी मंडळी सुवाच्य अक्षरात लिहून झाल्यावर, नर्गिसच्या खाली आणि मन्रोच्या शेजारी, मी अत्यंत विनयानं स्वतःचं नाव घातलं. ‘आदर्श’ हे विशेषण खोडलं, पण वाचता येईल इतपतच.

पहिला आला दूधवाला. “सर, माझाबी एक जून. टाका ना.” टाकलं. मागोमाग एसटीचा कंडक्टर, निवृत्त तलाठी, पिठाच्या गिरणीवाले आप्पा, झेरॉक्सवाला. टपरीवर चहा पिणाऱ्यांतले निम्मे लोक १ जूनचे निघाले. जागा पुरेना. आधी प्रभात पुसली, मग मन्रो गेली. आप्पांच्या दोन भावांसाठी नर्गिसही पुसावी लागली. दोघा भावांत तीन वर्षांचं अंतर, तारीख एकच!

यात नवल काहीच नव्हतं. आमच्या लहानपणी खेड्यात जन्माची नोंद कोण करत होतं? जन्म-मृत्यू नोंदणीचा देशभराचा कायदा १९६९ चा. बाप पोराला शाळेत आणून उभा करी. मास्तर पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाकडे नेत. कानाची पाळी बोटाला लागली, की पोरगं सहा वर्षांचं. शाळा जूनमध्ये उघडायची, म्हणून तारीख १ जून. हिशोब चोख, वाद नाही.

गर्दीतला एक टक्कल पडू लागलेला गृहस्थ फळ्याकडे बघत म्हणाला, “सर, वळखलं का? माझी तारीख तुम्हीच टाकलेली.” मग दुसरा म्हणाला, “माझीबी.” मी नोकरीला लागलो तेव्हा शाळाप्रवेशाचं रजिस्टर माझ्या हाती आलं होतं, आणि मीही परंपरा मोडली नव्हती. फळ्यावरची निम्मी नावं माझ्याच हस्ताक्षरात दुसऱ्यांदा लिहिली जात होती.

“तुम्हाला ठावं आहे का सर,” कंडक्टर म्हणाला, “दोन जून टाकली असती तर महिन्याचा पगार जास्त मिळाला असता.” खरं आहे. सरकारी नियमाप्रमाणे महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो. १ जूनवाला ३१ मेला घरी, २ जूनवाला ३० जूनला. माझ्या मास्तरांनी माझा एक पगार बुडवला आणि मी किती जणांचे बुडवले, हे मोजायचं धाडस मी केलं नाही. सगळ्यांना चहा पाजला आणि पुन्हा अधमर्ण झालो.

तेवढ्यात आई देवळातून परतली. गर्दीचं कारण कळल्यावर म्हणाली, “आज कसाना याना वाढदिवस? हाऊ ते कानबाईमा व्हयना!” श्रावणातल्या कानबाईच्या सणाचे रोट खाऊन ती झोपली आणि पहाटे मी झालो, अशी तिची पक्की साक्ष. सोबतची आत्या खवळली, “नही वं, पोयाले व्हयना! बैल सजाडेल व्हतात.” दोघी भररस्त्यात माझ्या जन्मावर भांडू लागल्या. श्रावण लागल्यापासून सरेपर्यंत मी कधीही जन्मलेलो असू शकतो. जूनमध्ये नाही, एवढ्यावरच दोघींचं एकमत झालं.

तेव्हा वाचकहो, तुमच्या घरी कुणी १ जूनवाला असेल, तर आई-आत्या हयात आहेत तोवर खरा दिवस विचारून वहीत उतरवून ठेवा. दाखल्यावरची तारीख बदलण्याच्या फंदात मात्र पडू नका. पेन्शनचे कागद अडतात.