तंत्रस्नेही व्हा, दोन आठवड्यांत

मराठीच्या प्राध्यापकाला बढती हवी असेल तर त्याने मराठी नीट शिकवावी, असा एक जुनाट समज काही महाविद्यालयांत अजून टिकून आहे. अशा भाबड्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ची नियमावली जरूर वाचावी. नेमून दिलेल्या तासांपैकी ८० टक्के तास घेतले की अध्यापन 'चांगले'. त्या तासांत कोणाला काही कळले का, हा प्रश्न नियमावलीने सभ्यपणे टाळला आहे. चित्रफीत, मजकूर, चर्चा आणि चाचणी असा चार भागांचा अख्खा ऑनलाइन अभ्यासक्रम रचला तर मात्र २० गुण, आणि त्यातले एखादे प्रकरण केले तरी ५.

तेव्हा एम.ए., नेट, पीएच.डी. असा सगळा घाट चढून आलेली मंडळी 'भाषा अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर' या उजळणी वर्गाला गर्दी करतात, यात नवल नाही. असे वर्ग घेणाऱ्या केंद्रांची प्रगतीही डोळ्यांत भरण्यासारखी आहे. आधी ती अकॅडमिक स्टाफ कॉलेजे होती, मग मानव संसाधन विकास केंद्रे झाली, आता मालवीय मिशन शिक्षक प्रशिक्षण केंद्रे आहेत. पाटी रंगवणाऱ्याची उजळणी तरी चोख झाली.

वर्ग दोन आठवड्यांचा. पहिला दिवस उद्घाटनात जातो, शेवटचा समारोपात. मधल्या दिवसांत परिचय आणि आभार. उरलेल्या वेळात साधनव्यक्ती 'शैक्षणिक तंत्रज्ञान : संकल्पना, स्वरूप आणि व्याप्ती' हा विषय पडद्यावर लिहिलेला असतो तसाच वाचून दाखवतात. स्लाइडवर मजकूर कमी असावा हे सांगणारी स्लाइड वाचायलाच दोन मिनिटे लागतात. वर्ग ऑनलाइन असला तर सगळ्यांचे कॅमेरे बंद. कोणाच्या मागून कुकरची शिट्टी येते, कोणाच्या मागून मंगलाष्टके. हजेरीची लिंक पडली रे पडली की मात्र झाडून सगळे जागे होतात. ऑनलाइन शिक्षणात विद्यार्थ्यांचा सक्रिय सहभाग कसा मिळवावा, याचे उत्तर तिथेच मिळते, फक्त ते कोणी टिपून घेत नाही.

मग प्रात्यक्षिक. गूगल फॉर्मवर कवितेची प्रश्नमंजूषा तयार करायची. कवीला कशाचे दुःख झाले आहे? पर्याय अ, ब, क आणि अर्थातच ड) वरील सर्व. एखाद्या मॅडम धाडस करून पर्यायांऐवजी एका शब्दात उत्तर मागतात. उत्तर 'दुःख'. विद्यार्थी विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे बटण दाबतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला नाही. त्याला शून्य मिळते. असे का, म्हणून मॅडम विचारतात. साधनव्यक्ती म्हणतात, "छान निरीक्षण, मॅडम! हे आपण शेवटी घेऊ." शेवटी आभार असतात.

मराठीच्या शिक्षकाचे खरे दुखणे नेमके इथे आहे. वर्षानुवर्षांची टिपणे जुन्या फॉन्टमध्ये अडकलेली. दुसऱ्या संगणकावर उघडली की रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा भुगा. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१पासून आहे, इन्स्क्रिप्ट कळफलक संगणकात फुकट येतो, तरी 'ऱ्हास' टंकताना होणारा ऱ्हास थांबत नाही. प्रश्नपत्रिका अजून हाताने लिहून डीटीपीवाल्याकडे जाते. उजळणी वर्गात शिकवतात काय, तर कॅनव्हावर फुगे लावलेले मराठी भाषा गौरव दिनाचे पोस्टर.

बरे, तंत्रज्ञान आपल्याला नवे आहे असेही नाही. १९८४मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि मुलांसाठी मराठीत शैक्षणिक कार्यक्रम करू लागली. २०१७मध्ये तिला कुलूप लागले. त्याच वर्षी केंद्राचे 'दीक्षा' व्यासपीठ आले, पुढे पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड उमटले, आणि मग व्हिडिओ कोण करणार, असा प्रश्न पडला. चित्रीकरण जाणणाऱ्यांना घरी बसवायचे आणि व्याकरण जाणणाऱ्यांच्या हाती कॅमेरा द्यायचा, याला धोरण म्हणतात.

आता जे फुकट उपलब्ध आहे ते पाहा. मोल्सवर्थचा १८५७चा कोश घरबसल्या शोधता येतो. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्थेने केलेल्या बोलींच्या सर्वेक्षणातली ध्वनिमुद्रणे ऐकता येतात. ग्रियर्सन यांनी शंभर वर्षांपूर्वी ग्रामोफोनवर मुद्रित करवून घेतलेले भारतीय भाषांचे नमुनेही इंटरनेटवर आहेत. धुळ्याकडची मुलगी अहिराणी वळणाने बोलली की "शुद्ध बोल" म्हणून तिला गप्प बसवण्याऐवजी तिच्या बोलीचे ध्वनिमुद्रण सगळ्यांना ऐकवायला एक मोबाइल आणि एक छोटा स्पीकर पुरतो. पण एवढ्याने गुण मिळत नाहीत, शिवाय त्यासाठी शिक्षकाला बोलीत रस असावा लागतो. तो दोन आठवड्यांत लावण्याची सोय अजून निघालेली नाही.

आयोजकांना एवढीच विनंती की, प्रमाणपत्र देण्याआधी प्रत्येकाकडून एक पानभर मराठी युनिकोडमध्ये टंकून घ्यावे, विसर्ग आणि ऱ्हासासह. कागदावर लिहून काढलेला फोटो चालणार नाही. ज्यांना जमणार नाही त्यांनाही प्रमाणपत्र द्यावेच, बढतीचा प्रश्न असतो. फक्त पुढच्या वर्गाला त्यांना साधनव्यक्ती म्हणून बोलावू नये.